एस अक्षराची मुलं

सोमवार, ३ मार्च

दर वर्षी जानेवारीत डायरी लिहायचं ठरवतो आणि मार्च उजाडला तरी पहिलं पान कोरंच असतं. काही घडलंच नाही तर लिहायचं काय? आज घडलं.

मधल्या सुट्टीत प्राचार्या मॅडमनी सगळ्या शिक्षकांना बोलावलं. यंदा चौथीच्या मुलांचा निरोप समारंभ करायचा, काळा झगा आणि चौकोनी टोपी घालून, कॉलेजात पदवी देतात तसा. मॅडमनी मोबाइलवर कुठल्यातरी शाळेचा व्हिडिओ दाखवला. त्यात प्रत्येक मुलाच्या नावाआधी त्याच्याच अक्षराचं एक इंग्रजी विशेषण होतं आणि माइकवरून तसंच पुकारत होते. ब्रेव्ह भार्गव, काइंड कार्तिक. प्रमाणपत्रावरही तेच छापलेलं. आपल्याकडंही तसंच करायचं. फक्त एक शब्द दोघांना द्यायचा नाही, पालक भांडतात.

विशेषणं कोण शोधणार असं मॅडमनी विचारलं, तर सगळे आपापल्या डब्यात पाहायला लागले. मग मॅडम माझ्याकडं वळल्या. म्हणाल्या, "काळे सर, वर्ग तुमचा आहे आणि तुम्ही तर भाषेचे माणूस." यावर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सहकाऱ्यांचा इतका मनापासून पाठिंबा मला या शाळेत पहिल्यांदाच मिळाला.

वर्ग माझा, तो दिवाळीपासून. आधीच्या मॅडम बाळंतपणाच्या रजेवर गेल्या आणि चौथीची एकुलती एक तुकडी माझ्याकडं आली. इंग्रजी शाळेत मराठीचा शिक्षक वर्गशिक्षक झाला, ही काही लहान गोष्ट नाही. बाकी कुणाला वेळ नव्हता, हेही खरं.

इंग्रजीच्या करुणा मॅडम निघताना म्हणाल्या, सर, मी मदत करीन. तिशीच्या आतली पोर आहे, हुशार आहे. मी तिला सांगितलं की विशेषण हे विशेषण असतं, भाषा कुठलीही असो. नामाबद्दल अधिक माहिती सांगतं, बस्स.

बुधवार, ५ मार्च

औरंगपुऱ्यात जाऊन चांगला जाडजूड इंग्रजी-मराठी कोश आणला. मोबाइलवर सगळं मिळतं, असं मंजुषाचं म्हणणं. मंजुषा म्हणजे आमच्या सौभाग्यवती, टपाल खात्यात आहेत. मी म्हटलं, मोबाइलवर शब्द मिळतो, शब्दाचं घराणं मिळत नाही.

ए ते आर एका बैठकीत उरकले. ॲक्टिव्ह आरोही, ब्राइट बिल्वा, जेंटल गार्गी. मजा वाटली. मग एस आला आणि बसकण मारून बसला.

माझ्या वर्गातली निम्मी मुलं एस अक्षराची आहेत. समर्थ, सार्थक, सोहम, स्वरा, सान्वी, समृद्धी, साईराज, संस्कृती. त्यात शर्वरी, शिवांश आणि श्रेयाही, कारण मराठीत श वेगळा आणि स वेगळा असला तरी इंग्रजीत सगळे एकाच दारातून आत शिरतात. आमच्या वेळी सोयगावच्या शाळेत कडुबा, रामकिसन, बन्सी, दगडू अशी पोरं असायची. प्रत्येक अक्षराला काम मिळायचं. आता सगळ्यांना गोड नाव पाहिजे आणि गोडव्याचा सगळा मक्ता एसकडं.

स्मार्ट, स्वीट, सिम्पल, सिन्सिअर एवढे झाले आणि मला माहीत असलेले शब्द संपले.

शनिवार, ८ मार्च

आज दुसरा शनिवार, सुट्टी. दिवसभर कोशातली एसची पानं वाचली. एवढा आनंद बऱ्याच दिवसांत मिळाला नव्हता. इंग्रजी शब्दाचं एक बरं असतं, एकेकाचे चार-चार अर्थ. आपल्या मुलाला शोभेल तो घ्यायचा.

समर्थला सँग्विन दिलं. सँग्विन म्हणजे आशावादी. हा पोरगा पोत्यात पाय घालून पळायच्या शर्यतीत दर वर्षी शेवटचा येतो आणि धूळ झटकत विचारतो, पुढच्या वर्षी शर्यत कधी आहे? सार्थकला साउंड, म्हणजे भक्कम, निरोगी. हजेरीत एकही खाडा नाही. स्वराला सिंग्युलर, म्हणजे एकमेवाद्वितीय. तिच्यासारखे प्रश्न कुणी विचारत नाही. सोहमला सोबर, म्हणजे गंभीर, शांत. शर्वरी अंगानं बारीक आणि बोलायला मोजकी, म्हणून तिला स्पेअर. कोशात 'सडपातळ' असा अर्थ आहे, तिसरा आहे, पण आहे.

संस्कृतीसाठी मात्र पुष्कळ विचार केला. डिसेंबरात एकदा व्हरांड्यातून एक भटकं कुत्रं थेट वर्गात घुसलं होतं. मुलं किंचाळत बाकांवर चढली. वर्गावर सगळीकडून नजर राहावी म्हणून मीही टेबलावर उभा राहिलो. संस्कृती तेवढी खालीच होती. तिनं डब्यातली अर्धी पोळी काढली, कुत्र्याला दाखवली आणि त्याच्याशी काहीतरी बोलत बोलत त्याला फाटकापर्यंत नेऊन सोडलं. परत आली आणि म्हणाली, सर, हात धुवायला जाऊ का? अशा मुलीला साधा शब्द कसा द्यायचा? शेवटी सापडला. स्टाऊट. धीट, निधड्या छातीची. त्याआधी कोशात दोन-तीन अर्थ शरीरयष्टीबद्दलचे होते. त्यांचा इथं संबंध नाही.

महिला दिन असल्यामुळं मंजुषानं विचारलं, मला कुठलं विशेषण द्याल? मी एमची पानं नीट चाळून मॅग्निफिसंट दिलं. अर्थ विचारला म्हणून सांगितला, भव्य. त्यानंतर ती संध्याकाळपर्यंत बोलली नाही. पोस्टातलं काम फार वाढलंय हल्ली.

बुधवार, १२ मार्च

यादी सादर केली. प्राचार्या मॅडमनी वरचा कागद पाहिला, 'एक्सलंट' म्हणाल्या आणि सही केली. त्यांचा माझ्यावर इतका विश्वास आहे की त्यांनी पान उलटूनही पाहिलं नाही.

करुणा मॅडमनी मात्र पूर्ण यादी वाचली. बराच वेळ वाचत होत्या. मग म्हणाल्या, सर, काही शब्दांना दुसरा अर्थ असतो, जरा पुन्हा बघता का? स्टाऊटवर त्यांचं बोट होतं. मी त्यांना समजावलं की दुसरा अर्थ मराठीतही असतो, संदर्भानं तो आपोआप गळून पडतो. 'कर' म्हणजे हात आणि 'कर' म्हणजे टॅक्स, म्हणून कुणी महानगरपालिकेत हात भरायला जात नाही. यादी छापखान्यात पोचवायचं काम त्यांनी स्वतःहून मागून घेतलं. माझी शब्दसंपत्ती पाहून जरा असूया वाटली असावी, पण मुलगी मनानं चांगली आहे.

शनिवार, २२ मार्च

समारंभ झाला. काय सांगावं!

मैदानावर मंडप, लाल गालिचा, एकेक पोरगं झगा सावरत वर येतंय आणि माइकवरून माझे शब्द जातायत. सँग्विन समर्थ. साउंड सार्थक. सार्थकचे वडील उठून उभे राहिले आणि दोन्ही हात वर करून टाळ्या वाजवल्या. पालकांमधली ज्ञानाची भूक पाहून तर मी थक्क झालो. आपल्या पाल्याचं नाव पुकारलं की लगेच मोबाइल काढून जो तो शब्दाचा अर्थ शोधत होता. शेजाऱ्याला दाखवत होता.

दोन गोष्टी खटकल्या. एक म्हणजे छापखान्यानं गडबड केली. शर्वरीचं स्पेअर होतं, तिथं सनी छापलं. आणखी दोन नावांचे शब्दही बदललेले दिसले. सोमवारी मालकाला फोन करून चांगलं सुनावणार आहे. दुसरी म्हणजे संस्कृतीचं नाव पुकारल्यावर मागच्या रांगांमधून हसू आलं. बहुतेक तिची टोपी सरकली असावी. तिनं प्रमाणपत्र घेतलं, पण फोटोला थांबली नाही, सरळ पायऱ्या उतरून गेली. मुळातच प्रसिद्धीची हौस नाही तिला.

सोमवार, २४ मार्च

छापखान्याला फोन करायचा राहून गेला.

शाळेत पोचलो तर कार्यालयासमोर पालक उभे. सगळ्यांत पुढं समर्थचे वडील, साहेबराव. शेंद्र्याकडं जमिनीचे व्यवहार करतात, आवाज मोठा आहे. त्यांनी मोबाइल माझ्या नाकासमोर धरला. त्यावर सँग्विनचा अर्थ आला होता, 'रक्तासारखा लाल'. म्हणाले, "सर, माझ्या पोराला तुम्ही भर स्टेजवर खुनी म्हणला. त्यानं कुणाचं काय केलं, ते सांगा." मी म्हटलं, आशावादी असाही अर्थ आहे. ते म्हणाले, मग रक्त कुठून आलं? खरं तर मलाही ते माहीत नव्हतं.

साईराजच्या आईनं विचारलं, सीझन्ड म्हणजे मसाला लावलेला का? मी म्हटलं, मुरलेला. त्यावर त्या म्हणाल्या, लोणच्यासारखा?

सगळेच रागावलेले होते असं नाही. स्वराच्या आजोबांनी पेढे आणले. सिंग्युलरचा अर्थ त्यांना 'एकवचनी' असा मिळाला होता आणि प्रभू रामचंद्रांचा गुण नातीत पाहिल्याबद्दल त्यांनी माझे दोन्ही हात हातात घेतले. सार्थकचे वडील क्रांती चौकाजवळ मंडप आणि साउंडचा धंदा करतात. सरांनी आमच्या धंद्याची एवढी आठवण ठेवली म्हणून त्यांनी प्रमाणपत्र फ्रेम करून दुकानात लावलंय. सोहमच्या आईला सोबरचा अर्थ 'दारू न प्यालेला' असा कळला. त्या म्हणाल्या, चला, घरात एक तरी आहे. शेजारी सोहमचे वडील उभे होते. मी खाली पाहिलं.

प्राचार्या मॅडमनी नंतर आत बोलावलं. शनिवारी पालकसभा आहे, तिथं मी लेखी दिलगिरी वाचून दाखवायची, ती त्या लिहून देणार. शिवाय म्हणाल्या, सर, तुम्ही थकलेले दिसता, जूनपासून मराठीचे तास कमी करावेत असं संस्थेच्या मनात आहे, तीन दिवस आलात तरी चालेल. माझ्या तब्येतीची त्यांना काळजी वाटते हे चांगलं आहे. पण मी थकलेलो नाही. आणि तीन दिवसांचा पगार तीन दिवसांचाच असेल, हे मला चौकात येऊन रिक्षात बसल्यावर सुचलं.

संस्कृती आज आली नाही.

मंगळवार, २५ मार्च

संस्कृती आजही आली नाही. हजेरी घेताना मी तिचं नाव पुकारलं तेव्हा मागच्या बाकांवरचा एक पोरगा हळूच स्टाऊट म्हणाला आणि चार-पाच जण हसले.

मधल्या सुट्टीत मी करुणा मॅडमना गाठलं आणि विचारलं. त्यांनी डबा बंद केला. म्हणाल्या, "सर, रोजच्या बोलण्यात स्टाऊट म्हणजे लठ्ठ. लोकांना तेवढाच अर्थ माहीत असतो." शनिवारी परत जाताना स्कूलबसमध्ये सगळ्यांनी तो शब्द टाळ्यांच्या तालावर म्हटला. संस्कृती अंगानं भरलेली आहे. मी कधी त्याच्याकडं पाहिलंच नव्हतं, असं म्हणावंसं वाटतं. पाहिलं नसेल, पण दिसत तर होतं.

मग त्यांनी आणखी सांगितलं. स्पेअरचं सनी छापखान्यानं नाही, त्यांनी केलं होतं. शर्वरी घरातली तिसरी मुलगी आहे आणि स्पेअरचा पहिला अर्थ 'जास्तीचा'. असे तीन शब्द त्यांनी बदलले. स्टाऊट का नाही बदलला, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, त्या शब्दावर तुम्ही मला कर भरायला लावला, सर. तो बदलला असता तर तुम्ही समारंभ थांबवला असता.

खरं आहे. थांबवला असता.

घरी येऊन कोश उघडला. पहिला अर्थ: लठ्ठ, स्थूल. दुसरा: जाड, मजबूत. धीट चौथ्या नंबरवर. मी हे सगळं वाचलं होतं आणि 'संबंध नाही' म्हणून पुढं गेलो होतो. मंजुषा चहा घेऊन आली तेव्हा मी तिला एवढंच विचारलं की त्या दिवशी भव्य म्हटल्यावर तुला राग आला होता का. ती म्हणाली, सतरा दिवसांनी का होईना, विचारलंत.

बुधवार, २६ मार्च

शाळा सुटल्यावर चिकलठाण्याला संस्कृतीच्या घरी गेलो. तिचे वडील गोकुळ शेंद्र्याच्या कंपनीत आहेत, ते दुपारपाळीला गेलेले. आई होती आणि तिची आजी, साळूबाई. संस्कृती आतल्या खोलीत. दार अर्धं लोटलेलं आणि खालच्या फटीतून तिचे पाय दिसत होते.

तिच्या आईनं पाणी दिलं आणि भिंतीशी जाऊन उभी राहिली. साळूबाईंनी मात्र वेळ घालवला नाही.

"मास्तर, माझ्या नातीला माइकवरून जाडी म्हणलात व्हय?"

मी म्हटलं, नाही, धीट म्हणालो होतो.

"मंग लोक का हासले?"

मी त्यांना शब्दाचे अर्थ सांगायला लागलो. पहिला, दुसरा, चौथा. सांगता सांगता माझं मलाच ऐकू यायला लागलं. साळूबाई शांतपणे ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "तीन अर्थ सोडून चौथा घ्यायचा, हे लोकायला कसं कळावं? तुमच्या पोटातलं त्यायला काय ठावं?" त्यांच्या माहेरी म्हैस विकताना तिचे दोषसुद्धा माणूस पुढं येऊन तोंडानं सांगतो, असंही म्हणाल्या. तुलना मला लागली, पण हरकत घेण्याच्या जागी मी नव्हतो.

मी दाराकडं तोंड करून म्हटलं, संस्कृती, तुझं प्रमाणपत्र बदलून देतो. कुठला शब्द पाहिजे तो सांग. मग मी तिला कुत्र्याची गोष्ट सांगितली. तिचीच गोष्ट तिलाच. तेव्हापासून ती माझ्या कशी लक्षात राहिली, आणि शब्द शोधताना मी तीच डोळ्यांपुढं कशी ठेवली होती.

दार थोडं उघडलं. डोळे सुजलेले होते, पण आवाज नेहमीचा, वर्गात शंका विचारते तसा.

"सर, मग हे सगळ्यांना का नाही सांगितलं? नुसता शब्दच का सांगितला?"

सव्वीस वर्षांत मला इतका नेमका प्रश्न कुणी विचारलेला नाही. शिक्षण खात्याच्या अधिकाऱ्यांनीही नाही.

निघताना तिच्या आईनं चहा दिला. माझ्या हिशेबानं ते बरं लक्षण होतं.

शुक्रवार, २८ मार्च

प्राचार्या मॅडमनी दिलगिरीचा मसुदा दिला. एक पान, सगळं इंग्रजी. घरी दोन वेळा मोठ्यानं वाचला. तिसऱ्या ओळीत इनॲडव्हर्टंट असा एक शब्द आहे. कोशात पाहिला: अनवधानाने झालेला, नकळत. तो माझ्याबद्दल खरा नाही. मला बजावलं होतं.

मंजुषाला म्हटलं, सभेत काही वेडंवाकडं बोललो तर तीन दिवसांचेही तास जातील. ती म्हणाली, माझा पगार सहा दिवसांचा आहे, बोला.

शनिवार, २९ मार्च

पालकसभा. हॉल भरलेला, पालकांसोबत मुलंही. साहेबराव पहिल्या रांगेत मांडीवर मोबाइल घेऊन तयारीत. शेवटच्या रांगेत साळूबाई आणि त्यांच्या शेजारी संस्कृती. ती येईल असं मला वाटलं नव्हतं.

मी कागद काढला, पहिल्या दोन ओळी वाचल्या आणि तिसऱ्या ओळीतल्या त्या शब्दापाशी थांबलो. कागदाची घडी केली. प्राचार्या मॅडम माझ्याकडं पाहायला लागल्या. मी मराठीत सांगितलं की कागदावर लिहिलंय हे नकळत झालं, पण ते तसं नाही. करुणा मॅडमनी मला वेळेवर सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. आणि दुसरी चूक त्याहून मोठी, मी मुलांना शब्द दिले पण ते का दिले हे माझ्यापाशीच ठेवलं.

मग सांगायला लागलो. समर्थची पोत्याची शर्यत सांगितली. दर वर्षी शेवटचा, आणि दर वर्षी उठून पुढच्या वर्षीची चौकशी. साहेबरावांनी मोबाइल खिशात घातला. बाजूच्या माणसाला म्हणाले की घरी पण असंच करतो, पतंग कापला की लगेच दुसरा बांधायला बसतो. साईराज भांडणात दोन्हीकडचं ऐकून घेतल्याशिवाय बोलत नाही, म्हणून मुरलेला. त्याची आई तोंडाला पदर लावून हसली. शर्वरीचा बदललेला शब्दही सांगितला, आणि करुणा मॅडमचा सनी माझ्या शब्दापेक्षा जास्त खरा आहे हेही. ती वर्गात आली की खरंच उजेड पडल्यासारखं होतं.

शेवटी संस्कृती. कुत्रं आत आलं तिथपासून सुरुवात केली. मुलं बाकांवर चढली. इथं मी थांबलो. वर्गावर नजर राहावी म्हणून, असं पुढचं वाक्य तोंडात तयार होतं. पण समोर माझी सगळी मुलं बसली होती आणि त्यांना सगळं ठाऊक होतं. मी म्हटलं, "आणि मी टेबलावर चढलो. मला कुत्र्यांची भीती वाटते."

हॉल हसला. यावेळी संस्कृतीही हसली. पोळीचं सांगितलं, फाटकाचं सांगितलं, हात धुवायची परवानगी मागितली तेही. बसमध्ये टाळ्या वाजवणारी पोरं आपापल्या बुटांकडं पाहत होती.

साळूबाई मागून उभ्या राहिल्या. "मास्तर, मंग टेबलावरून उतरलात कवा?"

मी म्हटलं, ती हात धुवून आल्यावर.

मग कुणाचंच कुणाला ऐकू येईना. प्राचार्या मॅडमनी सभा आटोपली. जाताना साहेबराव जवळ आले, हळूच विचारलं, पण खुनी असा अर्थ नाही ना होत? मी म्हटलं, नाही, फक्त लाल. मग त्यांनी प्रमाणपत्राच्या मागच्या बाजूला माझ्या अक्षरात 'आशावादी' लिहून घेतलं आणि खाली सही मागितली.

रविवार, ३० मार्च

पाडवा. गुढी उभारली. मंजुषाला म्हटलं, तुला विशेषण देत नाही, पण ते द्यावंसं का वाटलं तो प्रसंग सांगतो. ती म्हणाली, सांगा, पण आधी श्रीखंडाचं भांडं वरच्या फळीवरून काढून द्या. दिलं. मग सांगितला. तो इथं लिहीत नाही.

बुधवार, २ एप्रिल

प्राचार्या मॅडमनी निर्णय सांगितला. जूनपासून चौथीचा वर्ग करुणा मॅडमकडं. मराठीचे तास आहेत तसेच, सहाही दिवस. कारण काय दिलं, तर पालकांच्या ग्रुपवर काळे सरांबद्दल चांगलं लिहून आलंय. कुणी लिहिलं ते विचारलं नाही. पहिला मेसेज क्रांती चौकातल्या साउंडवाल्यांचा होता असं नंतर कळलं.

वर्ग गेल्याचं वाईट वाटलं. दिवाळीपासून सांभाळला होता. करुणा मॅडमना कोश देऊ केला. त्या म्हणाल्या, सर, राहू द्या तुमच्याकडं, आता तुम्ही पहिल्या अर्थापासून वाचाल.

पुढच्या वर्षीच्या समारंभात विशेषणं नाहीत. फक्त मेडल.

शुक्रवार, ४ एप्रिल

संस्कृती सोमवारच्या ईदच्या सुट्टीनंतर रोज शाळेत येते. आज वर्ग सुटल्यावर थांबली. प्रमाणपत्राचं विचारलं तर म्हणाली, बदलून पाहिजे. कुठला शब्द घालू, असं मी विचारलं. मनात तीन-चार काढून ठेवले होते, पहिल्या अर्थापासून तपासलेले. करुणा मॅडमनाही दाखवले होते. ती म्हणाली, "शब्द नको, सर. नुसतं नाव ठेवा."

तिला थांबायला सांगून तसाच गुलमंडीला छापखान्यात गेलो. मालक म्हणाला, नावाआधी मोकळी जागा राहील, ओकंबोकं दिसेल, काहीतरी टाका, गुड टाका, नाइस टाका. मी नको म्हटलं. मग त्यानं नाव मधोमध आणलं आणि अक्षर मोठं केलं. बारीक बारीक वाढवत गेला तर पानाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत पोचलं. आता जागाच उरली नव्हती.

परत येताना शाळेच्या फाटकाशी ती आजीसोबत थांबलेली होती. प्रमाणपत्र हातात दिलं. तिनं ते दोन्ही हातांनी लांब धरलं, आपलं नाव एकदा मोठ्यानं वाचलं, अगदी प्रत्येक अक्षर. साळूबाईंना वाचता येत नाही, तरी त्यांनीही वाकून पाहिलं आणि नातीला विचारलं, काय मतलब हाय याचा?

माझं तोंड सवयीनं उघडलं. संस्कृती या शब्दावर मी एक आख्खा तास बोलू शकतो.

"सर," संस्कृती म्हणाली, "तुम्ही नका सांगू." आणि आजीकडं वळून म्हणाली, "मी हाय, आजी. माझंच नाव हाय."

मी तोंड मिटलं आणि त्यांच्यासाठी रिक्षा थांबवली.